काड्या

राउटरचं नाव अजून तेच आहे, "घैसास बंगला".
फोर्ट वेनमधल्या तीन खोल्यांच्या विटांच्या घराला
बंगला म्हणायची यशोधनची हौस.
न्हाणीघरापर्यंत चार काड्या दिसतात,
मागच्या पायरीवर दोन,
अक्रोडाखाली एक, तीही वारा असेल तसा,
आणि ट्रेलरच्या दारात काही नाही.

ट्रेलर घेतला होता सेकंडहँड, डोंगर बघायला जायचं म्हणून.
गेलो नाही.
ऑगस्टपासून यशोधन तिथे झोपतो.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
आमचं हे एक घर तर चाकांवरच,
आणि तेच तेवढं जागचं हललेलं नाही.
काडीमोड हा शब्द कुणी काढलेला नाही.
ऋता सोळाची आहे, काही विचारत नाही,
फक्त दोन्हीकडे एकेक चार्जर ठेवते.

रविवारी साडेनवाला, म्हणजे अंबाजोगाईत सात वाजता,
त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल येतो.
तो पायरीवर येऊन बसतो, दोन काड्यांत,
पाठ स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराला.
मागे मी दिसते, कढई घासताना.
साबणाचा हात हलवते.
अंबाजोगाईत सगळं ठीक असतं.

पण सोमवार ते शुक्रवार त्याच्या मीटिंगा गोठतात,
लॅपटॉप डोक्यावर धरून तो अक्रोडाखाली फिरतो,
"ऐकू येतंय का? आता?"
एक्स्टेंडर आणतो म्हणाला.
म्हटलं, दुधाची तहान ताकावर कशाला.
ट्रेलरचं अंग अॅल्युमिनियमचं,
सिग्नल आपटतो आणि आल्या वाटेने परत जातो
(या प्रकाराचा मला घरचा अनुभव आहे).
केबल टाकू. जमिनीखालून.
वीस वर्षं मी हॉस्पिटलं जोडतेय,
माझ्याच अंगणात काड्या मोजत बसू?

इथे खणण्याआधी फोन करावा लागतो.
एक पोरगा येऊन गवतात झेंड्या रोवून गेला,
पिवळ्या गॅसच्या, लाल विजेच्या, निळ्या पाण्याच्या.
अकरा वर्षं या गवतावर चाललो,
खालून काय काय जातं ते तेव्हा दिसलं.

अठरा इंच खोल, दोन शनिवार.
अक्रोडाच्या मुळांनी एक फावडं मोडलं.
मग पाइपातून केबल. मी घराकडून ढकलत होते,
तो तिकडून ओढत होता.
"सोड!"
"सोडलं!"
"हळू. थांब, अडकलं."
"मागे घे जरा."
"घेतलं."
ऑगस्टपासून एवढं सलग आम्ही बोललो नव्हतो.

टोकं मीच बसवली. आठ तारा, ठरलेल्या क्रमाने,
पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी…
त्याने टॉर्च धरला,
नेमका हवा तिथे. न सांगता.
"तिकडच्याचं नाव काय ठेवायचं?" त्याने विचारलं.
म्हटलं, तेच ठेव, पासवर्डही तोच.
म्हणजे फोनला कळतसुद्धा नाही
इकडचं कधी सोडलं आणि तिकडचं कधी धरलं.
तो काही बोलला नाही.
ट्रेलरच्या खिडकीतून ऋताने अंगठा दाखवला.
चार काड्या.

आज रविवार. साडेनऊ झाले, पावणेदहा.
पायरीवर नुसती अक्रोडाची काळी टरफलं.
कढई रात्रीच घासून झाली होती, तरी घेतली.
दुपारी ऋता म्हणाली, आजी विचारत होती,
मागे हा तपकिरी पडदा कुठला, नवा घेतलात का.
"मग?"
"बाबा म्हणाला, हो."

रात्री ड्रायर लावायला गेले.
वरच्या फळीवर माझा स्विच, एका रांगेत दिवे.
एक टीव्हीचा, दोन ऋताचा, तीन माझ्या टेबलाचा.
चार नंबर नवा.
दीड वाजलाय, आणि चार नंबर
भराभर लुकलुकतोय, थांबतोय, पुन्हा लुकलुकतोय.
कपडे वाळले होते केव्हाच.
मी अजून वीस मिनिटं लावली.